चारशे त्रेचाळीसची रेघ

संशय मला घरातूनच मिळाला. आई दूध घेताना मापाकडं बघत नाही, माप धरणाऱ्याच्या अंगठ्याकडं बघते. बाबा कोर्टात कारकून होते. ते लग्नाची पत्रिकासुद्धा दोनदा वाचायचे, एकदा काय लिहिलंय ते बघायला आणि एकदा काय लिहायचं टाळलंय ते बघायला. त्यामुळं एम.एस्सी. होऊन मी कुकटपल्लीकडच्या औषधाच्या कंपनीत लागले आणि लॅबच्या मॅडमनी पहिल्याच दिवशी विचारलं, "स्वभाव कसा आहे तुझा?" तेव्हा मी खरं तेच सांगून टाकलं. "संशयी आहे, मॅडम." मॅडम हसल्या. "चालेल. मासच्या मशीनवर तशीच माणसं लागतात," म्हणाल्या.

मास म्हणजे मास स्पेक्ट्रोमीटर. कपाटाएवढं पांढरं यंत्र, दिवसभर घरघर करणारं. त्यात पदार्थाचा थेंब सोडायचा. यंत्र त्यातल्या रेणूंना वीज लावतं, काहींचे तुकडे करतं, आणि रेणू आणि तुकडे सगळे वजनाप्रमाणं पडद्यावर मांडतं. दिसतात त्या नुसत्या उभ्या रेघा. कुठली उंच, कुठली बुटकी, खाली वजनाचा आकडा. फुटलेल्या बरणीचे तुकडे बघून बरणी ओळखायची, असंच म्हणा ना. मला हे फार आवडलं. कुणी तोंडानं काही सांगणार नाही, आपण रेघांवरून पकडायचं. मी म्हटलं, हे तर आईचंच काम आहे, फक्त पगारी.

मॅडम तेलुगू, बोलायच्या इंग्रजी आणि हिंदी मिसळून, आणि शिकवायच्या मात्र पेपर तपासल्यासारख्या कडक. पहिल्या आठवड्यात मी एका नमुन्यात बावीसनं जड अशी एक जास्तीची रेघ शोधून काढली आणि धावत गेले त्यांच्याकडं. "मॅडम, भेसळ!" त्यांनी कागद बघितला आणि परत दिला. "मिठातलं सोडियम आहे. काचेतून येतं, हातातून येतं. रेणू तोच, खांद्यावर सोडियम घेऊन आलाय." दुसऱ्यांदा मी एकशे एकोणपन्नासची रेघ पकडली, तर ती निघाली प्लॅस्टिकच्या नळीतून आलेली. तेव्हा त्या जरा चिडल्या. "संशय घे, हौ, घे की. पण आधी घरच्यांचा घे. नळी, बाटली, हातमोजे, तू. मग बाहेरच्यांचा." मी वहीत लिहून घेतलं. लिहून घेतलं की आलं, असं मला तेव्हा वाटायचं.

आता अक्काबद्दल. आमच्या कंपनीत औषधाच्या छोट्या बॅच बनायच्या, आणि शेवटच्या पायऱ्या करून माल शुद्ध करायचं काम अक्काचं. पंचेचाळिशीची तेलुगू बाई, आवाज मोठा, केसांत रोज फूल. सगळी लॅब तिला अक्काच म्हणायची, मॅडमसुद्धा. ती माल तयार करायची आणि बोटाएवढ्या काचेच्या बाटलीत, म्हणजे व्हायलमध्ये, माझ्या टेबलावर आणून ठेवायची. ठेवायची आणि निघून जायची. "तू देख ले अम्मा, वो लकीराँ मेरेकु समझते नै," म्हणायची, आणि वळूनही बघायची नाही. मला त्याचं नवल वाटायचं. आपला माल दुसऱ्याच्या हाती देऊन असं निवांत कसं जाता येतं? मी असते तर उभी राहिले असते उरावर.

अक्का कंत्राटी होती. नऊ वर्षं. कंत्राटी माणसाला आमच्या गेटवर कार्ड नसतं. रोज सकाळी पाहुण्यांच्या वहीत नाव लिहायचं, आल्याची वेळ, सही. संध्याकाळी पुन्हा सही. नऊ वर्षं ती बाई रोज पाहुणी म्हणून आत यायची. कुरिअरवाला पुढं असेल तर त्याच्या मागं उभी राहायची. त्या वर्षी तिची कायम होण्याची फाइल निघाली होती. पुढच्या वर्षी ती वयाच्या अटीत बसणार नव्हती, म्हणजे काय ते आत्ताच. दसरा झाला की मंगळवारी समिती बसणार, आणि समितीपुढं तिची एक ताजी बॅच तपासणीच्या कागदांसह जाणार. बॅच स्वच्छ निघाली की कार्ड. ते कागद मी करायचे होते.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी खंडेनवमी. इथं तिला आयुधपूजा म्हणतात आणि आमच्याकडं ती जोरात असते. यंत्रं बंद, झेंडूच्या माळा, गेटवर कोहळा फोडायचा, मग पुळिहोरा, म्हणजे चिंचेचा भात. बाबा होते तोवर आमच्या जामबागच्या घरात या दिवशी टाइपरायटर पुजायचे, अक्षरांच्या बटणांवर कुंकवाचं एकेक बोट. आईनं मला डबीत कुंकू दिलं होतं, अफझलगंजातल्या नेहमीच्या दुकानातलं, भडक गुलाबी. "तुझ्या हाताला यश देणारी वस्तू पूज गं," म्हणाली. मॅडमचा नियम होता, कुंकू फक्त बाहेरच्या दाराला, आत फूलसुद्धा नाही. दाराला लावलं. अक्कानं कपाळ पुढं केलं, तिलाही लावलं. मग सगळे पुळिहोऱ्याकडं गेल्यावर मी गुपचूप आत आले. यंत्र काही माझं नव्हतं, पण पिपेट माझं होतं. द्रावक मोजून घ्यायचं ते पेनासारखं साधन, माझ्या हातात दिवसभर असायचं. त्याच्या नाकावर मी अनामिकेनं एक ठिपका लावला. हात जोडले, आणि कुणाला दिसू नये म्हणून ठिपका रुमालानं पुसूनही टाकला. बाबांची आठवण आली, डोळे पुसले, आणि खायला गेले.

मॅडम सणाला गावी गेल्या. दसऱ्याची सुट्टी संपल्यावर गुरुवारी अक्कानं व्हायल आणून ठेवली. "ये है अम्मा, मेरी किस्मत," म्हणाली, हसली, आणि नेहमीसारखी निघून गेली.

मी आधी ब्लँक चालवला. ब्लँक म्हणजे नमुना न घालता नुसतं द्रावक, म्हणजे यंत्र स्वच्छ आहे हे कळतं. मोठ्या बाटलीतून सरळ व्हायलमध्ये ओतलं आणि लावलं. स्वच्छ. मग पिपेटनं अक्काचा नमुना पातळ केला आणि सोडला. औषधाची रेघ तीनशे त्रेचाळीसवर, असायला हवी तिथंच. आणि पुढं, चारशे त्रेचाळीसवर, आणखी एक. चांगली ठसठशीत.

अंगावर काटा आला माझ्या. आनंदानं, खोटं कशाला बोलू?

कारण हा आकडा मला कळत होता. हे औषध बनवताना रेणूच्या एका टोकाला मध्येच एक टोपी घालतात, बाकीची कामं होईपर्यंत ते टोक शाबूत राहावं म्हणून. त्या टोपीनं वजन बरोबर शंभरनं वाढतं. शेवटच्या पायरीत आम्ल घालून आठ तास ढवळायचं, की टोपी उतरते. तीनशे त्रेचाळीस अधिक शंभर. म्हणजे काही रेणूंच्या डोक्यावर टोपी तशीच. म्हणजे आठ तास झालेच नाहीत. म्हणजे अक्का घाईघाईत उरकून घरी गेली! वाहवा, माझी मीच पाठ थोपटली.

एक बारीकशी गोष्ट जुळत नव्हती. मी ती रेघ वेगळी काढून फोडून बघितली. ही टोपी उतरते तेव्हा आधी छप्पनचा तुकडा पडतो आणि मग चव्वेचाळीसचा. म्हणजे तीनशे सत्त्याऐंशीवर रेघ दिसायला हवी. ती नव्हती. त्याऐवजी तीनशे नव्व्याण्णव होती, म्हणजे नुसते चव्वेचाळीस गेलेले. मी म्हटलं, असेल काही, यंत्राचा धक्का जास्त बसला असेल. गुन्हेगार हाती लागल्यावर एवढ्या तेवढ्याला कोण बघतं?

शुक्रवारी तोच नमुना पुन्हा केला. चारशे त्रेचाळीस होतीच, पण बुटकी झालेली. मी म्हटलं, टोपी आपोआप निसटतेय, माल टिकाऊ नाही. मग अक्काकडं त्याच बॅचची दुसरी व्हायल मागितली. तीत रेघ आणखी बुटकी. तेव्हा तर माझी खात्रीच झाली. हिला वास लागला, हिनं मधल्या वेळात माल पुन्हा धुतला! रेघ वाढली असती तर मी म्हटलं असतं चोरी, कमी झाली तर म्हटलं लपवाछपवी. ती बाई कशीही अडकलीच असती माझ्या हिशेबात.

मग मी जे केलं ते सांगायला अजून लाज वाटते. दुपारी गेटवर गेले, वॉचमनला म्हटलं जरा वही दाखवा, आणि पाहुण्यांच्या वहीत अक्काच्या सह्या शोधल्या. बॅचच्या दिवशी बाहेर पडल्याची वेळ, चार वाजून दहा मिनिटं. आम्ही सगळे साडेपाचला सुटतो. साडेनऊला आली असं धरलं तर आठ तास होतच नाहीत. मी मोबाइलवर फोटो काढला. ज्या वहीत सही करायला तिचा जीव रोज खालीवर व्हायचा, त्याच वहीतून मी तिच्याविरुद्ध पुरावा काढला, आणि वर येताना जिन्यात मला हलकं वाटत होतं.

शनिवारी नोंदवहीत लिहिलं, निळ्या शाईत, सुवाच्य इंग्रजीत. शेवटची पायरी अपुरी राहिली आहे. बॅच करणाऱ्या व्यक्तीनं ठरलेला वेळ न दिल्याचा संशय आहे. खाली सही. एक प्रत क्वालिटीवाल्यांना. मॅडमना फोन करावा असं एकदा मनात आलं, पण म्हटलं सणात कशाला त्रास. खरं कारण ते नव्हतं. मला भीती होती, त्या विचारतील, छप्पन कुठंय?

सोमवारी सकाळी क्वालिटीवाल्यांनी अक्काला बोलावलं. अर्ध्या तासानं ती माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली. केसांत फूल होतं, पण चेहरा पार उतरलेला. मी मनात उत्तरं तयार ठेवली होती. रडेल, ओरडेल, हातापाया पडेल. तिनं नुसतं विचारलं, "ब्लँक भी उसीच पिपेट से डाली थी क्या?"

मला असा राग आला! नऊ वर्षं माल धुणारी बाई मला शिकवणार? "ब्लँक एकदम साफ था अक्का," मी म्हटलं. "वो नै पूछी मैं," ती म्हणाली. "मेरा माल जिस रस्ते से गया, ब्लँक भी उसीच रस्ते से गई क्या?"

नव्हती गेली. ब्लँक मी बाटलीतून सरळ ओतला होता. पण यानं काय फरक पडतो, असं मी जोरात म्हटलं, आजूबाजूच्या दोघातिघांना ऐकू जाईल असं. आणि केवळ तिचं तोंड बंद करायचं म्हणून नवी व्हायल घेतली, पिपेटनं द्रावक उचललं, आत सोडलं, यंत्राला लावलं. अक्का शेजारच्या स्टुलावर बसली. पहिल्यांदाच बसली ती तिथं.

चारशे त्रेचाळीस. नुसत्या द्रावकात. फोडून बघितलं तर खाली तीनशे नव्व्याण्णवसुद्धा.

माणसाचं मन काय की कसं असतं. त्या क्षणीसुद्धा माझ्या डोक्यात पहिला विचार आला तो हा, की हिनंच केलं. गुरुवारी ही माझ्या टेबलापाशी आली होती, हिनंच माझ्या पिपेटला काहीतरी लावलं. मी पिपेटचं नाक फिरवून काढलं, टिश्यूवर मेथॅनॉल घेऊन आतून पुसलं. पांढऱ्या टिश्यूवर गुलाबी वर्तुळ उमटलं.

"अय्यो, ये तो कुंकुम है," अक्का म्हणाली.

"तुमकु कैसे मालूम?" मी तिच्यावर खेकसलेच.

तिनं आपल्या कपाळाला बोट लावलं. "तूच लगाई थी न उस दिन. दो दिन तक नै निकला. येच रंग."

तेव्हा मला माझी अनामिका आठवली. हात जोडलेले आठवले, बाबा आठवले. टिश्यू मुठीत लपवावा असं वाटलं, पण तो तिनं बघितलेलाच होता.

मॅडम दुपारी गावाहून आल्या त्या तडक लॅबमध्ये. मी कागद पुढं ठेवले. त्यांनी पाच सेकंद बघितलं. "छप्पन कुठंय?" त्यांनी तीनशे नव्व्याण्णववर बोट ठेवलं. "टोपी नाहीच ही. हा रंग आहे. बाजारी कुंकवात घालतात, लाल पेनातही असतो. कणभर असला तरी हे मशीन बोंबलतं." मग टिश्यूकडं बघितलं. "रोज थोडा थोडा धुतला जात होता, म्हणून रेघ उतरत होती. एवढं कळलं नाही तुला?" मी गेटच्या वहीचं सांगितलं, आता लपवण्यात काय अर्थ होता. त्यांनी मोबाइलवरचा फोटो मोठा केला आणि अंगठ्यानं सरकवत डावा रकाना दाखवला. आल्याची वेळ सहा वाजून पाच मिनिटं. त्या दिवशी अक्का पहाटेची बस धरून आली होती, आठ तास भरावेत म्हणून. मी फक्त जाण्याचा रकाना वाचला होता.

"आता दुरुस्त कर," मॅडम म्हणाल्या, आणि स्वतः क्वालिटीवाल्यांकडं गेल्या.

आमच्या नोंदवहीत खोडायचं असेल तर गिरगटायचं नाही, पान फाडायचं नाही, पांढरी शाई लावायची नाही. चुकलेल्या ओळीवर एकच सरळ रेघ मारायची, बाजूला कारण, सही, तारीख. खालचं वाचता आलंच पाहिजे. मी पट्टी घेऊन रेघ मारली. कारण लिहिलं: माझ्या पिपेटला कुंकू लागलं होतं. बॅचमध्ये दोष नाही.

पिपेट बदलून, ब्लँक त्याच वाटेनं नेऊन, मॅडमच्या समोर तीन वेळा नमुना पुन्हा केला. स्वच्छ. मंगळवारी समिती बसली आणि अक्का कायम झाली. आठवड्यानं तिला फोटोचं कार्ड मिळालं. सगळ्या लॅबला तिनं मैसूरपाक वाटला, मलाही दिला, आणि माझ्यापेक्षा मोठा तुकडा कुणालाच दिला नाही. मी म्हटलं, "अक्का, माफ करो." "हौ अम्मा, छोडो," ती म्हणाली. मग म्हणाली, "वो किताब दिखा जरा."

मी वही उघडून दिली. इंग्रजी ती सावकाश वाचते, ओळीखाली बोट ठेवून. बाजूला लिहिलेली दुरुस्ती तिनं वाचली नाही. रेघेखालचंच वाचलं, पहिल्या अक्षरापासून माझ्या सहीपर्यंत. रेघ बारीक होती, सगळं वाचता येत होतं. वही मिटून तिनं माझ्या हातात दिली आणि कामाला गेली.

परवा पुन्हा खंडेनवमी झाली. मी कुंकू फक्त बाहेरच्या दाराला लावलं. अक्कानं या वेळी कपाळ पुढं केलं नाही, डबी माझ्या हातून घेतली आणि मलाच कुंकू लावलं, छान गोल. मग बेसिनपाशी जाऊन साबणानं दोनदा हात धुतले.

सुट्टीनंतर ती नमुना घेऊन आली. वर्षभर तसाच आणते, दोन व्हायल. एकीत माल, दुसरीत तिनं स्वतः वरच्या मजल्यावरून, तिच्या कामाच्या जागेवरून, भरून आणलेला ब्लँक. दोन्हींवर टेप, टेपवर तिची सही. टेबलावर ठेवते आणि जात नाही. स्टूल ओढते, गळ्यातलं कार्ड मांडीवर घेते आणि बसते. रेघा तिला अजून समजत नाहीत. ती पडद्याकडं बघतच नाही, माझ्या हातांकडं बघते.